कूर्चेची साक्ष : रक्तातील वाढीच्या प्रेरकाचे मापन

चेन्नईच्या उत्तरेस, कोसस्थलैयार नदी जेथे समुद्रास मिळते, तेथे एन्नोरची खाडी आहे. तेथील कोळी असोत की मालवण-वेंगुर्ल्याचे, मुशी किंवा पाकट चिरणाऱ्या प्रत्येकास एक गोष्ट ठाऊक असते : या माशांच्या अंगात खरे हाड नसते. सुरमईचा किंवा बांगड्याचा काटा टणक असतो; मुशीचा कणा मात्र सुरीने कापता येतो. हा कणा ज्या चिवट, लवचिक ऊतकाचा बनलेला असतो त्यास कूर्चा म्हणतात. कूर्चा कशी असते हे जाणून घेण्यासाठी समुद्रावर जाण्याचीही आवश्यकता नाही. आपल्या कानाचा वरचा भाग दुमडून सोडून द्यावा. तो तत्काळ पूर्ववत होतो. हा गुण कूर्चेचा आहे.

मुशी जन्मभर कूर्चेच्या सांगाड्यावर जगते. मनुष्याचा सांगाडाही मातेच्या उदरात प्रथम बहुतांशी कूर्चेचाच असतो व पुढे क्रमाक्रमाने तिची जागा हाड घेते. परंतु हे परिवर्तन एकदम पूर्ण होत नाही. मांडी, नडगी, दंड यांसारख्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ चकती मुलाची वाढ पूर्ण होईपर्यंत शिल्लक राहते. या चकतीतील पेशी विभागतात, एकावर एक रचल्या जातात, फुगतात, आणि अखेर त्यांच्या जागी हाड तयार होते. दाराच्या चौकटीवर दरवर्षी जी उंचीची खूण आपण करतो, ती बहुतांशी या चकत्यांनी वर्षभरात केलेल्या कामाची नोंद असते.

मग प्रश्न उद्भवतो तो असा : या पेशींना वाढण्याची आज्ञा कोण देते? आणि ती आज्ञा रक्तातून येत असेल, तर ती पुरेशी येते की अपुरी, हे मोजावे कसे? ज्या मुलाची उंची सोबत्यांच्या मानाने मागे पडत आहे, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही.

पोष ग्रंथी आणि तिचा स्राव

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पोष ग्रंथी किंवा पीयूषिका म्हणतात. 1921 मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे हर्बर्ट एव्हान्स आणि जोसेफ लाँग यांनी गुरांच्या पोष ग्रंथीचा अर्क पांढऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा ते उंदीर नेहमीपेक्षा पुष्कळ मोठे झाले. त्यानंतर सुमारे पाव शतकाने चो हाओ ली आणि एव्हान्स यांनी या अर्कातील वाढ घडवून आणणारे प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. यालाच वृद्धी हॉर्मोन असे नाव आहे.

हॉर्मोनाचे अस्तित्व सिद्ध झाले तरी त्याचे मापन करणे सोपे नव्हते. 1949 मध्ये बर्कली येथेच एक पद्धती तयार झाली. कोवळ्या वयाच्या उंदराची पोष ग्रंथी शस्त्रक्रियेने काढून टाकावयाची. त्यामुळे त्याची वाढ थांबते. नंतर चार दिवस तपासावयाचा द्रव टोचावयाचा आणि नडगीच्या टोकाजवळील कूर्चेची चकती किती रुंद झाली हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजावयाचे. ग्रंथीच्या अर्काची प्रत ठरविण्यास ही रीत उत्तम होती. परंतु मनुष्याच्या रक्तात वृद्धी हॉर्मोन इतके अल्प असते की रक्तरस टोचून चकतीच्या रुंदीत मोजण्याजोगा फरक पडत नसे. म्हणजे जेथे मापनाची खरी निकड होती, तेथेच ही पद्धती लंगडी पडत होती.

सेंट लुईस येथील अनपेक्षित निष्कर्ष

हा अडसर दूर करण्याचा एक प्रयत्न अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात झाला. विल्यम सॅल्मन आणि विल्यम डॉहाडे या दोघा वैद्यकीय संशोधकांनी जिवंत उंदीर बाजूस ठेवून केवळ त्याची कूर्चा घेण्याचे ठरविले. त्यांची योजना समजण्यास कूर्चेच्या घडणीकडे थोडे पाहावे लागेल.

कूर्चेत पेशी थोड्या व विखुरलेल्या असतात. बाकीची जागा पेशींनीच तयार केलेल्या चिवट द्रव्याने भरलेली असते. या द्रव्यात काँड्रॉइटीन सल्फेट नावाचे संयुग विपुल असते. ते तयार करण्यासाठी पेशींना सल्फेट लागते. जोमाने वाढणारी कूर्चा अधिक सल्फेट खेचून घेते. मंदावलेली कूर्चा कमी घेते. तेव्हा कूर्चेने किती सल्फेट घेतले हे मोजले, तर तिला मिळालेल्या प्रेरणेचे माप हाती येते. नेहमीच्या सल्फेटात गंधकाचा किरणोत्सर्गी समस्थानिक, गंधक-35, मिसळला असता हे मापन सुलभ होते. हा समस्थानिक सौम्य बीटा किरण बाहेर टाकतो आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे 87 दिवसांचे आहे. त्यामुळे प्रयोग संपेपर्यंत त्याची खूण पुसली जात नाही.

पोष ग्रंथी काढलेल्या उंदराच्या बरगड्यांच्या पुढील टोकांची कूर्चा घेऊन तिचे लहान तुकडे केले गेले. शरीराच्या उष्णतामानास राखलेल्या पोषक द्रावात हे तुकडे ठेवून त्यात खूण केलेले सल्फेट मिसळले. ठराविक काळानंतर तुकडे स्वच्छ धुऊन त्यांच्यात रुजलेली किरणोत्सर्गिता गणकयंत्राने मोजली. 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांतून तीन गोष्टी दिसून आल्या.

पहिली गोष्ट अपेक्षित होती. निरोगी उंदराचा रक्तरस द्रावात मिसळला असता कूर्चा भरपूर सल्फेट घेते. पोष ग्रंथी काढलेल्या उंदराचा रक्तरस मिसळला तर फारच कमी घेते. दुसरी गोष्ट मात्र चकित करणारी होती. शुद्ध वृद्धी हॉर्मोन सरळ द्रावात घातले, तर कूर्चा जवळजवळ उदासीन राहते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : तेच हॉर्मोन ग्रंथीहीन उंदराला टोचले आणि नंतर त्याचा रक्तरस काढून कूर्चेवर घातला, तर सल्फेट घेण्याची क्रिया पुन्हा वाढते.

यातून एकच सरळ अर्थ निघत होता. वृद्धी हॉर्मोन कूर्चेस स्वतः आज्ञा देत नाही. ते शरीरात अन्यत्र जाऊन दुसराच एक पदार्थ निर्माण करविते, आणि तो पदार्थ रक्तावाटे कूर्चेपर्यंत पोहोचतो. मामलेदाराचा हुकूम गावात तलाठ्याच्या तोंडून यावा, तसा हा प्रकार होता. या अज्ञात पदार्थास संशोधकांनी प्रथम ‘सल्फेटीकरण घटक’ असे साधे, कामापुरते नाव दिले. 1972 मध्ये या क्षेत्रातील संशोधकांनी एकत्र येऊन त्याचे ‘सोमॅटोमेडिन’ असे नामकरण केले. ग्रीक भाषेत ‘सोमा’ म्हणजे शरीर, आणि वृद्धी हॉर्मोन व शरीर यांच्यामधील मध्यस्थ असा त्याचा आशय. तो मुख्यतः यकृतात तयार होऊन रक्तात येतो असेही पुढे आढळले.

अज्ञात पदार्थाचे वजन कसे करावे?

ज्या पदार्थाची रासायनिक रचना माहीत नाही, जो शुद्ध स्वरूपात कोणाजवळ नाही, त्याचे मापन कसे करावयाचे? अशा वेळी शास्त्रज्ञ पदार्थ मोजण्याऐवजी त्याचे कार्य मोजतात. जिवंत ऊतकावर होणाऱ्या परिणामावरून केलेल्या अशा मापनास जैव आमापन म्हणतात.

त्यासाठी प्रथम एक प्रमाण ठरवावे लागते. अनेक निरोगी प्रौढ व्यक्तींचा रक्तरस एकत्र मिसळतात आणि त्याच्या 1 मिलिलिटरमध्ये जितकी क्रियाशीलता असेल तिला 1 एकक मानतात. या प्रमाण रक्तरसाची निरनिराळ्या तीव्रतेची मिश्रणे कूर्चेच्या तुकड्यांवर घालून, मात्रा वाढेल तसे सल्फेटाचे ग्रहण कसे वाढते याचा आलेख काढतात. नंतर मुलाच्या रक्तरसाचा तसाच आलेख काढून दोहोंची तुलना करतात. समजा, प्रमाण रक्तरसाच्या 4 टक्के मिश्रणाने जेवढे सल्फेट घेतले गेले, तेवढ्यासाठी मुलाच्या रक्तरसाचे 8 टक्के मिश्रण लागले. तर त्या मुलाच्या रक्तरसाची क्रियाशीलता निम्मी, म्हणजे 1 मिलिलिटरमागे 0.5 एकक, असे ठरते.

येथे एक खबरदारी घ्यावी लागते. दोन्ही आलेखांच्या रेषा समांतर असल्या पाहिजेत. त्या समांतर नसतील, तर दोन रक्तरसांत एकाच पदार्थाचे प्रमाण कमी-अधिक आहे असे म्हणता येत नाही. त्यांपैकी एकात आणखी काही तरी, कदाचित वाढीस अडविणारा पदार्थ, मिसळलेला असू शकतो. शिवाय सर्व तुकडे सारख्या गुणांचे नसतात. म्हणून प्रत्येक नमुन्यासाठी अनेक तुकडे वापरून सरासरी काढावी लागते, आणि प्रत्येक वेळी प्रमाण रक्तरस सोबत तपासावाच लागतो.

या अडचणींवर तोडगा म्हणून निरनिराळ्या देशांत निरनिराळी कूर्चा वापरली गेली. स्वीडनमध्ये केर्स्टिन हॉल यांनी अंड्यातील कोंबडीच्या भ्रूणाची कूर्चा निवडली. इतरांनी डुकराच्या बरगड्यांची कूर्चा घेतली, कारण एकाच प्राण्यापासून पुष्कळ तुकडे मिळतात. पुढे कूर्चेतील चिवट द्रव्य एंझाइमांनी विरघळवून तिच्यातील पेशी सुट्या करण्यात आल्या. सुट्या पेशी सारख्या संख्येने मोजून घालता येतात. त्यामुळे तुकड्यागणिक पडणारा फरक कमी झाला.

मापनाने काय उलगडले?

ही पद्धती हाती आल्यावर, वाढ खुंटलेल्या मुलांचे सर्व प्रकार एकसारखे नाहीत हे स्पष्ट होऊ लागले.

काही मुलांत पोष ग्रंथीच दुबळी असते. 1958 मध्ये बॉस्टनचे मॉरिस रेबेन यांनी अशा एका 17 वर्षांच्या मुलाला मानवी वृद्धी हॉर्मोन देऊन त्याची उंची वाढल्याचे प्रसिद्ध केले. गुरांचे हॉर्मोन माणसास लागू पडत नाही; त्यामुळे मृत व्यक्तींच्या पोष ग्रंथींतून ते काढावे लागे. साठा अत्यंत तोकडा होता. तेव्हा हे औषध कोणाला द्यावे आणि कोणाला देऊन उपयोग नाही, हे ठरविणे हा मोठा जबाबदारीचा प्रश्न झाला.

1966 मध्ये इस्राएलमधील झ्वी लारॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच कुटुंबातील तीन ठेंगण्या भावंडांचे वर्णन केले. त्यांच्या रक्तात वृद्धी हॉर्मोन कमी नव्हते, उलट फार अधिक होते. तीन वर्षांनंतर, 1969 मध्ये, कूर्चेच्या चाचणीने या विकाराच्या रुग्णांचे कोडे पुढे सरकविले : त्यांच्या रक्तरसात सल्फेटीकरण घटक अल्प होता, आणि बाहेरून वृद्धी हॉर्मोन देऊनही तो वाढत नव्हता. हुकूम निघत होता, पण तो ऐकणारे कोणी नव्हते. 1989 मध्ये कारण सापडले. यकृतादी अवयवांच्या पेशींवर वृद्धी हॉर्मोनास ओळखणारे जे ग्राही प्रथिन असते, त्याच्या जनुकातच या रुग्णांत दोष होता.

तिसरा प्रकार आपल्या देशाच्या दृष्टीने अधिक विचार करण्याजोगा आहे. 1973 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथील कुपोषित मुलांविषयीचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. तीव्र कुपोषणात रक्तातील वृद्धी हॉर्मोन पुष्कळदा वाढलेले असते. परंतु या मुलांच्या रक्तरसातील सल्फेटीकरण घटक मात्र घटलेला आढळला. अन्न अपुरे असताना शरीर वाढीचा खर्च थांबविते. पोष ग्रंथी कितीही हाक देवो, मध्यस्थ पदार्थ पुरेसा तयार होत नाही. अशा मुलास हॉर्मोनाच्या सुईची नव्हे, पुरेशा आहाराची आवश्यकता असते. जी गोष्ट अनुभवी सुईणी व माता पूर्वापार जाणत होत्या, तिची यंत्रणा अशा रीतीने प्रयोगशाळेत दिसली.

पदार्थाची ओळख पटते

दरम्यान स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे एक वेगळाच शोध चालू होता. 1963 मध्ये फ्रोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की रक्तात इन्शुलिनासारखे कार्य करणारे, परंतु इन्शुलिनाच्या प्रतिपिंडांनी न दबणारे काही तरी असते. 1978 मध्ये तेथीलच रिंडरक्नेख्त आणि हुंबेल यांनी या पदार्थाची संपूर्ण रचना उलगडली. त्यात दोन प्रथिने निघाली : एक 70 ॲमिनो अम्लांचे, दुसरे 67 ॲमिनो अम्लांचे. दोहोंची घडण इन्शुलिनाशी मिळतीजुळती होती, म्हणून त्यांना इन्शुलिनसदृश वृद्धिघटक-1 व वृद्धिघटक-2 अशी नावे पडली. सेंट लुईसच्या कूर्चेस जागविणारा मुख्य पदार्थ तो हाच वृद्धिघटक-1. दोन वाटांनी निघालेले प्रवासी एकाच गावी पोहोचले.

पदार्थ ओळखला गेल्यावर मापनाची दुसरी वाट खुली झाली. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्शुलिनासाठी शोधलेली, प्रतिपिंड व किरणोत्सर्गी खूण यांवर आधारलेली पद्धती या पदार्थासही लावता आली. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथील संशोधकांनी 1977 मध्येच ती उपयोगात आणली होती. प्रतिपिंडाची रीत कूर्चेपेक्षा जलद, अचूक व स्वस्त होती. रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत तिचा प्रसार झाला आणि कूर्चेचे तुकडे मागे पडले.

तथापि या बदलात एक प्रश्न नकळत बदलला. प्रतिपिंड सांगते की पदार्थ किती आहे. कूर्चा सांगत असे की तो किती काम करतो. ही दोन उत्तरे नेहमी जुळत नाहीत. मूत्रपिंडे निकामी झालेल्या मुलांची वाढ खुंटते. त्यांच्या रक्तात वृद्धिघटक-1 चे एकूण प्रमाण पुष्कळदा कमी नसते, परंतु जैव आमापनात क्रियाशीलता कमी भरते. याचे कारण असे की रक्तातील बहुतेक वृद्धिघटक मोकळा नसून विशिष्ट बंधक प्रथिनांना जखडलेला असतो. पूर्णपणे मोकळा भाग शेकडा एकहूनही कमी असतो. मूत्रपिंडांच्या विकारात काही बंधक प्रथिने रक्तात साचतात व वृद्धिघटकास पेशींपर्यंत जाऊ देत नाहीत. ही उणीव ओळखूनच 2003 मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी पुन्हा जिवंत पेशींकडे धाव घेतली. त्यांनी या वृद्धिघटकाचे मानवी ग्राही धारण करणाऱ्या पेशी वापरून, रक्तरसाने ते ग्राही कितपत जागृत होतात हे मोजण्याची सूक्ष्म पद्धती तयार केली. साक्षीदार बदलला, पण प्रश्न 1957 चाच होता.

सिद्धांतास दुरुस्ती

वृद्धी हॉर्मोन, मग यकृत, मग वृद्धिघटक, मग कूर्चा, अशी सरळ साखळी पाठ्यपुस्तकांत स्थिर झाली. निसर्ग मात्र इतका सरळ निघाला नाही. 1982 मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे इसाक्सन आणि सहकाऱ्यांनी ग्रंथीहीन उंदराच्या एकाच पायाच्या नडगीतील कूर्चेच्या चकतीत थोडे वृद्धी हॉर्मोन टोचले. तो पाय दुसऱ्या पायापेक्षा अधिक वाढला. म्हणजे हॉर्मोन वाढीच्या चकतीवर प्रत्यक्षही कार्य करते. 1999 मध्ये केवळ यकृतातच वृद्धिघटक-1 तयार होऊ नये अशी योजना केलेल्या उंदरांत रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांशाने घटले, तरी ते जवळजवळ नेहमीसारखे वाढले. तेव्हा कूर्चा व इतर ऊतके आपल्यापुरता वृद्धिघटक जागेवरही तयार करतात, असे मानावे लागले. सेंट लुईस येथील तुकड्यांनी दिलेली साक्ष खोटी नव्हती. ती अपुरी होती.

पुण्याची मुले

या मापनाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. 1995 मध्ये पुण्याचे केईएम रुग्णालय आणि इंग्लंडमधील संशोधक यांचा एक संयुक्त अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुण्यात जन्मलेल्या चार वर्षांच्या आणि इंग्लंडमधील सॉल्सबरी येथे जन्मलेल्या सात वर्षांच्या मुलांच्या रक्तातील वृद्धिघटक-1 मोजण्यात आला. उंच व वजनदार मुलांत तो अधिक होता, हे अपेक्षितच होते. परंतु सारख्याच उंचीची व वजनाची मुले घेऊन पाहिले, तर ज्यांचे जन्मवजन कमी होते त्यांच्यात वृद्धिघटक अधिक आढळला. उदरात पोषण अपुरे पडलेल्या बालकाच्या शरीरातील वाढीची व्यवस्था जन्मापूर्वीच वेगळ्या रीतीने बसविली जाते की काय, असा विचार त्यातून पुढे आला. मातेच्या आहाराचा प्रश्न मुलाच्या भावी आरोग्याशी जोडणाऱ्या संशोधनात पुण्याच्या या रुग्णालयाचे कार्य आज जगभर परिचित आहे.

उपचारांतही फार बदल झाला आहे. मृत व्यक्तींच्या ग्रंथींपासून काढलेल्या हॉर्मोनातून मेंदूचा एक असाध्य रोग पसरल्याचे उघड होताच 1985 मध्ये अमेरिकेत त्याचे वाटप थांबविण्यात आले. त्याच वर्षी जिवाणूंकडून तयार करवून घेतलेल्या वृद्धी हॉर्मोनास तेथे मान्यता मिळाली. लारॉन यांनी वर्णिलेल्या विकाराच्या मुलांना, ज्यांच्यावर वृद्धी हॉर्मोन निष्प्रभ ठरते, आता वृद्धिघटक-1 थेट देता येतो. 2005 मध्ये अमेरिकेत त्यास परवानगी मिळाली. हुकूम ऐकणारा नसेल तर त्याचे काम बाहेरून करून देण्याचा हा मार्ग कूर्चेच्या तुकड्यांनीच प्रथम दाखविला होता.

आपल्या घरी किंवा शाळेत हे सर्व कोठे उपयोगी पडेल, असे वाचक विचारील. त्याचे उत्तर भिंतीवरील मोजपट्टीत आहे. चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंत मूल दरवर्षी साधारण 5 ते 6 सेंटिमीटर वाढते. दर सहा महिन्यांनी अनवाणी, भिंतीस टाचा लावून, शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी उंची मोजावी व ती तारखेसह लिहून ठेवावी. एखाद्या मुलाची वाढ वर्षात 4 सेंटिमीटरपेक्षाही कमी होत असेल, तर ते केवळ ‘घराण्यातच ठेंगणे’ आहे असे मानून स्वस्थ न बसता डॉक्टरांना ती वही दाखवावी. कारण वाढीच्या चकत्या एकदा हाडांत मिसळून गेल्या की कोणताही औषधोपचार उंची वाढवू शकत नाही. रक्ताची तपासणी त्यानंतरची पायरी आहे. पहिली साक्ष मुलाच्या स्वतःच्या कूर्चेची असते, आणि ती नोंदविण्यास मोजपट्टी व वही पुरे होते.